न वाचता न जेवणारी पाहुणी

लातूर जिल्ह्यात उपाशीपोटी सर्वांत जास्त शेतं फिरलेली बाई कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून तुमच्या शिरूरच्या आजीकडे बोट दाखवीन. शिरूर अनंतपाळला राहणाऱ्या तुमच्या ह्या आजी, म्हणजे तुमच्या आईची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. निवृत्त झाल्या त्या शाळेतून, शिकवण्यातून नव्हे. त्यांच्या पिशवीत चष्मा सापडत नाही, किल्ल्या सापडत नाहीत, पण पहिलीचं वाचनपाठाचं पुस्तक आणि खडूचे तुकडे हमखास असतात. एकदा खडूचा चुरा आमच्या पुरणपोळीवर पडला, तर म्हणाल्या, "खावा विहीणबाई, विद्याच हाय ती."

समोर जो कुणी येईल त्याला वाचायला लावायचं, हा त्यांचा जुनाच छंद. तुमचे बाबा आणि मी मुलगी बघायला गेलो तेव्हा चहाच्या आधी त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिलं गेलं. तुमचे बाबा इंजिनिअर, त्यांनी अग्रलेख एका दमात वाचून टाकला. आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाचायला बरा हाय, पण स्वल्पविरामाला थांबत न्हाई. संसारात थांबता आलं पाहिजे." तरीही लग्न ठरलं. पुढे त्या माझ्याकडे चार दिवस राहायला आल्या. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटात वाढलेली. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते आणि प्रत्येक डब्याची जागा ठरलेली असते. दुपारी झोपून उठले तर शेजारचा पहिलीतला मुलगा ओट्यापाशी बसून "जि-रे, मो-ह-री, ध-ने" असं वाचत होता आणि सगळे डबे फरशीवर मांडलेले होते. हळद अजूनही मला योग्य जागी सापडत नाही. तो मुलगा मात्र तेव्हापासून दुकानांच्या पाट्या वाचत शाळेत जाऊ लागला.

पण त्यांची खरी कीर्ती येळवशीची. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं आणि सगळे शेतात जातात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, करून तिथे पूजा होते, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि मडक्यातली ज्वारी-ताकाची आंबील. बांधावरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा त्या दिवशी जेवल्याशिवाय जाता कामा नये. कुणी तसाच गेला तर शेताच्या मालकाला वर्षभर रुखरुख लागते. आजी शाळेत असताना पालकसभेला फक्त एक म्हातारा यायचा, तोही चहासाठी. मग त्यांच्या डोक्यात आलं की आई, बाप, चुलते, आजोबा सगळे एका जागी फक्त येळवशीला सापडतात. तेव्हापासून त्या दर येळवशीला गावोगावची शेतं फिरू लागल्या, आणि एकच नियम केला: घरच्या लेकरानं एक पान वाचून दाखवलं तर जेवायचं, नाहीतर पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

याचा परिणाम असा झाला की दिवाळी संपली की आसपासच्या खेड्यांत घराघरांतून वाचण्याचे आवाज येऊ लागले. "बाई येतील, उपाशी जातील," हा धाक छडीपेक्षा मोठा ठरला. अर्थात पळवाटाही निघाल्या. एका शेतकऱ्यानं आपला मुलगा कडब्याच्या गंजीमागे लपवला आणि लातूरहून आलेला भाचा पुढे केला. भाच्यानं घडाघडा वाचलं. आजींनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "शाब्बास. आता तुमच्या त्या बैलाचं नाव सांग." भाचा बैलाकडे बघत राहिला. गंजीमागून आवाज आला, "सर्ज्या."

काही वर्षांपूर्वी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. मी शहाणपणानं पर्समध्ये बिस्किटं ठेवली होती. दुपारी एका लहानशा शेतात पोचलो. तिथली कोमल नावाची मुलगी चौथीत होती. आजींनी पुस्तक पुढे केलं. ती पानाकडे बघत राहिली, मग माझ्या चपलांकडे. तिचे वडील म्हणाले, "बाई, अवंदा राहू द्या. जेवा."

"न्हाई जेवत."

कोमलच्या आईनं आंबिलीचं भांडं खाली ठेवलं. ती आवाज न चढवता बोलली. "बाई, आमचं लेकरू वाचत न्हाई म्हणून तुमी आमच्या दारातून उपाशी जाता. शाळेत चार वर्गाला एक मास्तर हाय, अन् त्यो बी निम्मे दिवस तालुक्याला. तिथं कोण उपाशी बसतंय?"

विहीणबाईंनी भांडं उचललं, उभ्यानंच आंबील प्यायली आणि कोमलच्या आईला म्हणाल्या, "सोमवारी येतीस का माझ्यासंगं?"

सोमवारी त्या दोघी आणि गावातल्या आणखी बाया शिक्षण खात्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. साहेब चांगले होते, फक्त घाबरले. "बाई, हे आंदोलन आहे का?"

"न्हाई साहेब, येळवस हाय. तुमच्या दारात पाहुण्या आल्यात."

साहेबांनी चहा मागवला. कुणी कपाला हात लावला नाही. "दुसरा मास्तर आल्याबिगर आमाला गोड लागत न्हाई," कोमलची आई म्हणाली. असे बरेच सोमवार गेले, बराच चहा निवला. तोवर आजी रोज एसटीनं जाऊन त्या शाळेच्या ओसरीवर कोमलला आणि तिच्या वर्गाला स्वतः शिकवत होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उदगीरकडची एक तरुण बाई तिथे रुजू झाली. पुढच्या येळवशीला कोमलनं अख्खं पान वाचलं. तिची आई पान संपायच्या आतच भज्जी वाढू लागली.

"पान संपू दे की."

"संपतंय बाई. आता ती कुटं थांबायलीय?"

"स्वल्पविरामाला थांबू दे," आजी म्हणाल्या, आणि जेवायला बसल्या. तेव्हापासून नियमात दुरुस्ती झाली आहे: लेकरू अडलं तर आधी त्याच्याजवळ बसून शिकवायचं, मग जेवायचं. उपाशी उठून जायचं नाही.

आता त्यांचे गुडघे बांध चढू देत नाहीत. येळवशीला त्या स्वतःच्याच शेतात कोपीसमोर बसतात आणि लेकरं आपापल्या शेतांतून किटलीत आंबील घेऊन त्यांच्याकडे येतात. कोमल आता हायस्कुलात आहे. ती धाकट्यांना रांगेत बसवते. रांग बरीच सरळ असते, ते मला आवडतं.

परवा त्यांनी मला विचारलं, "विहीणबाई, आपली लेकरं मराठी वाचतात का?" मी म्हटलं, अडखळत वाचतात. "मग फोनवर वाचू द्या येळवशीला." म्हणून हे सगळं मोठ्या अक्षरात, दोन ओळींत जागा सोडून लिहिलं आहे. आमच्या जेवणाच्या वेळी तुमच्याकडे, परदेशात, नुकतं उजाडलेलं असेल. हेच वाचून दाखवा. अडलात तर अडा, त्या सांगतील. मी त्यांच्या शेजारीच बसलेली असेन. फक्त फोन करायला फार उशीर करू नका, बाळांनो. आंबील जितकी थांबते तितकी आंबट होत जाते, आणि त्या तुमच्यासाठी जेवायच्या थांबलेल्या असतील.