नाना हसत नाहीत

“नानांना काढा,” देसाई साहेब म्हणाले. “शनिवारचा शो शेवटचा.”

देसाई साहेब आमचे स्टेशन हेड. मी सुरतच्या एका एफएम स्टेशनवर प्रोड्यूसर आहे. म्हणजे माइकवर बोलतात ते दुसरे. शो बिघडला की बोलणी खाते ती मी. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता आमचा गाडी-दुरुस्तीचा शो लागतो. लोक फोन करून गाडीचं दुखणं सांगतात, आमचे दोन मेकॅनिक हसवत हसवत उपाय सांगतात.

हसवत हसवत, असं ठरलं तरी होतं. बाबूभाई पक्के सुरती. कॉलरने ‘हॅलो’ म्हणायच्या आत त्यांचं हसू सुरू. नाना खान्देशचे, सुरतच्या लिंबायत या मराठी कामगारवस्तीत तीस वर्षं गॅरेज. ते विनोद करतात, पण स्वतः हसत नाहीत. आवाजही चढवत नाहीत. कळला तर कळला.

शहराच्या सुखवस्तू भागातल्या, अडाजणच्या श्रोत्यांच्या व्हॉइस नोट यायच्या, “ते दुसरे काका झोपेत बोलतात का?” लिंबायतचे रिक्षावाले लिहायचे, “बाबूभाईंच्या खिदळण्यात नानांचं उत्तर ऐकूच येत नाही.” देसाई साहेब फक्त पहिल्या प्रकारचे मेसेज ऐकत. ते स्वतः अडाजणला राहतात.

मधल्या काळात मी एक मूर्खपणा केला. नानांच्या वाक्यांमागे रेकॉर्ड केलेलं हसू लावलं. नानांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“ताई, माझ्या बोलण्यावर हसायला माणसं भाड्याने आणली?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हसू मी त्याच दिवशी डिलीट केलं, आणि ठरवलं की आता नाना जाणार नाहीत. मी हट्टी आहे. माझ्या सासूबाईंना विचारा. आणि हट्ट सोडला, तरी साधा प्रश्न उरतोच: नाना गेले तर गाड्या दुरुस्त कोण करणार? बाबूभाई मेकॅनिक चांगले, पण माइक दिसला की पाना विसरतात.

“शनिवारी तुम्ही स्वतः स्टुडिओत बसा,” मी साहेबांना म्हटलं. “मग ठरवा.”

ते येऊन काचेच्या अलीकडे माझ्याशेजारी बसले. शो लाइव्ह होता. पहिलाच कॉल कामरेजहून, सुनील नावाच्या माणसाचा. हायवेला लागलं की गाडी गरम होते. तीन गॅरेज झाली. कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ केला. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन सप्तशृंगीच्या गडावर निघायचं होतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, त्याआधी तिला दर्शन हवं होतं. घाटात गाडी बंद पडली तर तिला उचलून कुठे नेणार?

“तारी गाडीने ताव आव्यो छे!” बाबूभाई सुटले. “पॅरासिटामोल आप, माथे पोतां मूक!” पुढची दोन मिनिटं गाडीचा ताप, कपाळावरच्या ओल्या पट्ट्या, डॉक्टर, इंजेक्शन. देसाई साहेब डोळे पुसत हसत होते. सुनील एकदाच “हो जी” म्हणाला, तेही रडवेल्या आवाजात. मी बाबूभाईंचा माइक हळूच खाली केला आणि काचेतून नानांना खूण केली.

नानांनी बोलण्यावरून ओळखलं. “भाऊ, खान्देशना शे का?”

“हा नाना. पारोळाना.”

“गॅरेजमध्ये गाडी गरम झाली का कधी?”

“नाही. तिथे एकदम बरी चालते.”

“पुढच्या जाळीले चुनरी बांधेल शे का?”

“हो, गडावरची.”

“कितल्या?”

सुनील मोजत असावा. “पाच. दर वर्षी एक. जुनी कशी काढणार, देवीची आहे.”

“आणि मेकॅनिकने काम करताना सोडल्या होत्या?”

“हो, तिघांनीही. पाया पडून सोडल्या, घडी घातली. काम झाल्यावर परत नीट बांधून दिल्या.”

नाना त्याच सुरात म्हणाले, “म्हणजे गाडी तपासताना नाक मोकळं, आणि घरी पाठवताना दाबलेलं. भाऊ, जाळीतून वारा गेला तर इंजिन थंड राहतं. देवीने कधी सांगितलं, माझ्यासाठी गाडीचा श्वास कोंड म्हणून?”

देसाई साहेब ताडकन उठले. “धर्म नको! कट करा!” माझं बोट कॉल कापायच्या बटणावर होतं. ते मी उचललं आणि हात मांडीवर ठेवला. फोनवर शांतता. रेडिओत तिला डेड एअर म्हणतात. चार सेकंद झाले की श्रोता स्टेशन बदलतो.

मग मागून सुनीलच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला. “खरं शे भाऊ! मी चार वरीस पाईन सांगस, जुनी काढ, नदीमा सोड. पन हाऊ मन्हं ऐकस का?” आणि ती अशी हसली, की सुनीलही हसला.

नानांनी सांगितलं, “जाळीवरच्या सगळ्या सोड, एक चुनरी आतल्या आरशाच्या दांडीला बांध, काच झाकू नको. वीस मिनिटं हायवेवर चालव, गाडी बाजूला घे, मग फोन कर.”

शो संपायला पाच मिनिटं असताना फोन आला. इंजिनच्या तापमानाचा काटा निम्म्यावर होता. त्याच्या वर गेलाच नव्हता.

सोमवारी दोन व्हॉइस नोट मी साहेबांना जशाच्या तशा पाठवल्या. अडाजणहून: “यावेळी कंटाळा आला, ताप चाललेला तेव्हाच कॉल संपवायचा.” लिंबायतहून: “हसून हसून रिक्षा बाजूला घ्यावी लागली.” एकाच कॉलबद्दल.

साहेबांनी दोन्ही पुन्हा लावून ऐकल्या. “मग खरं कोणाचं?”

“दोघांचं,” मी म्हटलं. “पण फोन सुनीलने केला होता.”

नाना राहिले. अडाजणचे मेसेज अजून येतात, मी प्रत्येकाला उत्तर देते. इतक्या वर्षांत एवढंच शिकले: सोफ्यावर बसून ऐकणाऱ्याला विनोद आधी लागतो. ज्याची गाडी रस्त्यात उभी आहे, त्याला तो गाडी सुरू झाल्यावर चालतो.