मावशींचा अंगठा

मावशींना बोटं दहा. हजेरीच्या यंत्रात मी एकच नोंदवलं. प्रत्येकाची निदान दोन घ्या, असं पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. पण जेवणाची वेळ टळून गेलेली, पोटात कावळे ओरडत होते आणि रांगेत अजून चाळीस माणसं. "उजवा अंगठा बास," मी म्हणालो. शाळेत तिसरा आलेला माणूस मी. मला पत्रक काय शिकवणार?

मावशी इस्पितळाच्या धुलाईघरातल्या. सख्ख्या कुणाच्याच नाहीत, म्हणून सगळ्यांच्या. अकरा वर्षं रक्ताच्या चादरी धुताहेत आणि अकरा वर्षं 'तात्पुरत्या'. या महिन्यात कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव एकदाचं लागलं. अट एकच: तीन लेट मार्क झाले की नाव कापलं. दोन झाले होते, दोन्ही धो धो पावसाच्या दिवशीचे.

त्या दिवशी तर पुलाखालचा रस्ताच बुडाला. बस बंद. मावशी पहाटे साडेचारला निघाल्या. कोरडे कपडे पिशवीत, पिशवी डाव्या हाताने डोक्यावर धरलेली, उजव्या हाताने पाण्याखालचा कठडा चाचपत. सात वाजायला आठ मिनिटं असताना त्यांनी माझ्या खिडकीशी अंगठा टेकवला.

"पुन्हा प्रयत्न करा," यंत्र म्हणालं.

अंगठा खारकेसारखा सुरकुतला होता. त्यांनी तो टॉवेलला पुसला, माझ्या शर्टाला पुसला, फुंकर घातली. यंत्राने ओळख दिली तेव्हा सात पस्तीस झाले होते. पडद्यावर लाल अक्षरात 'उशीर'.

"मावशी, मागच्या दोन वेळीही असंच झालं होतं?"

"सांगितलं नव्हतं तुला? काय म्हणालास? 'यंत्र खोटं बोलत नाही!'"

सगळीकडे पाणी, माझ्या तोंडचं तेवढं पळालं.

साहेब सव्वादहाला आले. ऑफिसच्या गाडीतून, कोरड्या बुटांनी. त्यांना अंगठा लागत नाही, सही चालते.

"नोंद म्हणजे नोंद, बाई. उशीर तो उशीर."

"तुम्ही सव्वादहाला आलात, साहेब."

"अहो, पाणी किती होतं!"

"हो का? मला वाटलं, माझ्याच वाटेवर सोडलंय."

साहेब फायलीत डोकं घालून बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निम्मी त्यांच्यावर, निम्मी स्वतःवर. मी कागद ओढला आणि लिहिलं: 'बोट एकच नोंदवलं ही माझी चूक. या बाई सहा बावन्नला माझ्यासमोर हजर होत्या.' खाली सही ठोकली, फोनवर फोटो काढला आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

"हे वर गेलं तर तुझं काय होईल, कळतंय का?"

"प्रत गेलीसुद्धा, साहेब."

साहेबांनी चरफडत तो लेट मार्क खोडला. मला मेमो मिळाला. मावशींचं नाव यादीत राहिलं, त्या कायम झाल्या.

पण त्यांनी माझे आभार बिभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "आता ते आधीचे दोन काढ. दोन्ही वेळेला अर्धा अर्धा दिवस कापलाय माझा."

"मी देतो मावशी, माझ्या खिशातून."

"तुझे कशाला? ज्यांनी कापले त्यांनी द्यावेत!"

लेखा विभाग तळमजल्यावर आहे. पहिला अर्ज भिजला म्हणाले, दुसरा सापडत नाही म्हणाले. तिसरा काल दिलाय, पोच घेऊन. मावशींचा एका दिवसाचा पगार अजून बाकी आहे.