माझ्या उतारावरची माती

"टोपली उपडी कर," शेठ म्हणाला. मी केली.

"आता पाय धू. बोटांत अडकलीय तीपण माझीच माती."

धुतले. त्याच्या भातखाचराच्या कडेला, मजुरांदेखत. शहाणी एवढी, की बोटांच्या बेचक्यासुद्धा चोळून काढल्या. वर "येते शेठ" म्हणाले! आज ती तेव्हाची पोर, म्हणजे मीच, समोर आली तर त्याच टोपलीनं बडवीन तिला.

माती माझीच होती. मासवणकडे उतारावर आमचा नाचणीचा तुकडा, खाली शेठची खाचरं. दर पावसाळ्यात वरची माती खाली जायची. त्याचं भात माजायचं, आमचे दगड उघडे पडायचे. ती परत आणायला गेले, तर चोर ठरले.

"तुमच्या लोकांना माती सांभाळता येत नाय," तो मागून ओरडला.

चढताना ओल्या पायांना पुन्हा माती लागली. थांबले. म्हटलं, बास. आता ही खाली जाणार नाही.

उघडे पडलेले दगड गोळा करून उताराला आडवा बांध रचला. पण अक्कल बघा माझी! पाण्याला वाटच ठेवली नाही. फट दिसली की चुलीसारखी लिंपायची. पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटला. सगळी माती शेठच्या खाचरात. तो छत्रीखाली उभा राहून हसला. "बाई, घरपोच आणलीस की!"

ते हसू मी विसरले नाही. पुढल्या खेपेला एका टोकाला सांडवा ठेवला, जादा पाणी उतरायला. बांधावर खोल मुळांचं वाळ्याचं गवत लावलं. नांगरही आडवाच फिरवला. पाणी गेलं, माती बसली. हळूहळू दगड झाकले गेले.

शेठ मेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. यंदा त्याचा मुलगा बोईसरहून गाडी घेऊन आला.

"आजी, बांध जरा फोडा ना. खाली गाळ येत नाय, भात पिवळं पडतंय."

"पाणी येतं ना?"

"नुसतं पाणी येतं!"

"मग पी."

"जेसीबी लावीन हां, आजी."

"लाव. आदी मला उचलावं लागंल. मी जड हाय."

म्हातारी मऊ पडेल असं त्याला वाटतं. या उन्हाळ्यात बांधावर आणखी एक थर चढणार. सांडवा कसा ठेवायचा ते सुनेला शिकवलंय. माझ्यासारखी गाढव राहू नये ती. शेठच्या घराला माझ्याकडून पाणी मिळेल. नितळ, तळ दिसेल असं. मातीचा कण मिळणार नाही. माझ्या हयातीत नाही, सुनेच्याही नाही.