सही न केलेलं हेलिकॉप्टर

हवाई दलात मी वीस वर्षं काढली आणि त्यातली जवळजवळ सगळी जमिनीवर. जे. पी. नगरमधल्या आमच्या इमारतीत अजूनही पुष्कळांना वाटतं की मी विमानं उडवायचो. आधी मी खुलासा करायचो, आता करत नाही. मात्र लग्न ठरताना खुलासा करावा लागला होता.

मी निपाणीजवळच्या गावचा. वडील विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. बायको बंगळूरचीच, बसवनगुडीतली. तिचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकी मिसळलेली की पहिल्या भेटीत माझ्या आईला निम्मं कळलं नाही. तिच्या थोरल्या भावाला सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी मला विचारलं, "विमान उडवता?"

"नाही. उडण्याजोगं ठेवतो."

"म्हणजे मेकॅनिक."

"हो."

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे, आणि मोकळेपणानं हसले. "मग बरं. पायलटला बहीण दिली असती तर आम्ही घरदार आभाळाकडे बघत बसलो असतो."

लग्नानंतर दोन वर्षांनी माझी बदली बंगळूरच्या उत्तरेकडच्या एका तळावर झाली. तिला माहेर जवळ आलं, मला लहान हेलिकॉप्टरं मिळाली. मी कॉर्पोरल होतो, कामानं एअरफ्रेम फिटर. म्हणजे इंजिन दुसऱ्याचं. बाकी सांगाडा, पंखे, शेपटी, चाकं, दारं माझी. रोज सकाळी उड्डाणाआधी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन हेलिकॉप्टरभोवती फिरायचं, ठरलेल्या क्रमानं प्रत्येक जागा बघायची, आणि सगळं नीट असेल तर वहीत सही करायची. त्या वहीला आम्ही सातशे म्हणायचो, कारण फॉर्मचा नंबर तसा होता. सातशेवर फिटरची सही नसेल तर पायलट दाराला हात लावत नाही. एवढ्या मोठ्या यंत्राच्या वाटेत एक कॉर्पोरल उभा राहू शकतो, ही गोष्ट मला भरती झाल्यापासून आवडत आली होती. पण खरंच उभं राहायची वेळ आली नव्हती.

ती आली थंडीतल्या एका सकाळी. वरून आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यांना नऊ वाजता दुसऱ्या तळावर न्यायचं होतं. आदल्या दिवसापासून हेलिकॉप्टर पुसून लखलखीत केलं होतं. पात्यांवर दव होतं, ते मी फडक्यानं टिपलं. सगळं बघत बघत शेपटीपाशी आलो. तिथं एक लहान पंखा असतो, उभा फिरणारा. हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरू नये म्हणून तो लागतो. इंजिनापासून त्या पंख्यापर्यंत एक लांब दांडा जातो आणि तो दांडा बेअरिंगवर फिरतो. तपासताना पंखा हातानं हळूहळू फिरवायचा. मी फिरवला. तिसऱ्या का चौथ्या फेरीला तळव्याला काहीतरी लागलं. लागलं म्हणजे काय, ते मला त्या दिवशीही नीट सांगता आलं नाही. तांदळाच्या पिठात एखादी कणी बोटाला लागते, तसं.

पुन्हा फिरवला. काही नाही. पुन्हा, काही नाही. मग पुन्हा ती कणी.

आमचे वॉरंट ऑफिसर तामिळनाडूचे होते. नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती त्यांची. त्यांचं हिंदी तुटक आणि बोलणं कमी. मी त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटून पंखा वीसेक वेळा फिरवला.

"मला काही लागत नाही," ते म्हणाले.

"मला लागतं, सर."

"प्रत्येक फेरीला?"

"नाही. तीन-चार फेऱ्यांतून एकदा."

त्यांनी घड्याळ बघितलं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. "सही करणार?"

हो म्हणणं सोपं होतं, कारण त्यांनाही काही लागलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही, सर."

"ठीक आहे," ते म्हणाले. सातशे काखेत मारून ते पायलटांच्या खोलीकडे चालत गेले.

पाच मिनिटांत आमचे फ्लाइट कमांडर आले. पंजाबचे स्क्वाड्रन लीडर, उंच, गंभीर. आम्ही फिटर त्यांना जरा दबूनच असायचो. त्यांनी हातमोजा काढून पंखा फिरवला. "मला काही जाणवत नाही," ते म्हणाले. मग वॉरंट साहेबांकडे बघितलं. "तुम्हाला?"

"मलाही नाही, सर. पण याला जाणवतंय."

ते माझ्याकडे वळले नाहीत. एवढंच म्हणाले, "उघडा."

दुसरं हेलिकॉप्टर मोठ्या सर्व्हिसिंगसाठी सुटं करून ठेवलं होतं, त्यामुळे पर्याय नव्हता. मोठे अधिकारी गाडीनं गेले. त्यांच्या गाड्या मागोमाग गेटबाहेर पडताना मला हँगरमधून दिसल्या. मी तेव्हा शेपटीवरची झाकणं सोडवत होतो.

दिवसभर आम्ही चौघांनी तो दांडा तपासला. प्रत्येक बेअरिंग धुतलं, मोजलं, पुन्हा मोजलं. सगळं मर्यादेत. वॉरंट साहेबांनी ज्याच्यावर माझा संशय होता ते बेअरिंग बदलायला लावलं आणि जुनं तपासणीसाठी वर्कशॉपकडे धाडलं. चार वाजता तिथून चिठ्ठी आली: दोष आढळला नाही.

कँटीनमध्ये बातमी माझ्याआधी पोचली होती. एक जण उठून उभा राहिला आणि मनगट पुढे करून म्हणाला, "वैद्यजी, जरा नाडी बघा, मला उद्या सुट्टी मिळेल का?" सगळे हसले. मीही हसलो. वैद्यजी हे नाव मग मला चिकटलं, ते पुढच्या दोन बदल्यांपर्यंत.

घरी आलो तेव्हा बायको भात वाढत होती. मी सगळं सांगितलं. गाड्या गेटबाहेर पडल्याचं सांगितलं तेव्हा ती पळी तशीच धरून थांबली.

"त्या साहेबांना काय झालं?" तिनं विचारलं.

"काय होणार? गाडीनं गेले. दोन तास उशीर झाला असेल."

"मग स्वल्प उशीर झाला, एवढंच न्हवं?"

"बेअरिंग चांगलं होतं. मी उगीच सगळ्यांना कामाला लावलं."

"तुमच्या हाताला लागलं होतं का नव्हतं?"

"लागलं होतं."

"सरी. जेवा आता," ती म्हणाली आणि सारावर तूप घातलं. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. माझा संपला नव्हता, पण जेवलो मात्र पोटभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडा जोडून झाला होता. इतकं सुटं केलेलं हेलिकॉप्टर आधी चाचणीसाठी उडवावं लागतं, मगच कामाला देतात. फ्लाइट कमांडर हेल्मेट घेऊन आले. हेलिकॉप्टरला एक फेरी मारली. मग सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "शंका याची होती. हा माझ्या शेजारी बसेल."

मला ती शिक्षाच वाटली. वॉरंट साहेबांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "शिक्षा वाटत असेल तर शिक्षा समज. पण जा."

मी नोकरीला लागून नऊ वर्षं झाली होती. बदल्यांच्या वेळी मालवाहू विमानात मागे सामानाबरोबर दोनदा बसलो होतो, तेवढंच. पुढच्या सीटवर, समोर सगळी काच, पायाखालीही काच, असं कधीच नाही. पट्टे आवळले, हेडफोन चढवले. इंजिन सुरू झालं आणि मी घाबरलो.

प्रवाशाची भीती वेगळी आणि आमची वेगळी. प्रवाशाला एकच मोठा आवाज ऐकू येतो. मला त्या आवाजात पन्नास आवाज ऐकू येत होते, आणि प्रत्येकाच्या मागचा नट माझ्या डोळ्यांसमोर होता. हा कुणी आवळला? ती लॉकिंग वायर पिळून टोक आत वळवलं ना? त्यातले निम्मे नट मीच आवळले होते, आणि नेमकी त्यांचीच मला जास्त काळजी वाटत होती.

हेलिकॉप्टर जमिनीपासून माणूसभर उंच उचललं गेलं आणि तिथंच तरंगत राहिलं. कमांडरांनी ते डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. शेपटीच्या पंख्याची खरी परीक्षा इथंच होते.

"हात टेकव सांगाड्याला," हेडफोनमधून आवाज आला. "काय सांगतोय?"

मी दाराच्या चौकटीला तळवा लावला. "ठीक आहे, सर."

"ठीक आहे, की मी विचारलं म्हणून ठीक आहे?"

मी तळवा पुन्हा नीट टेकवला. मग म्हणालो, "सर, पुन्हा एकदा दोन्ही बाजूंना वळवाल? जरा हळू?"

स्क्वाड्रन लीडरला कॉर्पोरल असं सांगतो का, हे बोलून झाल्यावर मनात आलं. त्यांनी पुन्हा वळवलं, अगदी सावकाश. मी डोळे मिटले होते. तळव्याखाली एकसारखी थरथर होती, त्यात कणी नव्हती.

"आता खरंच ठीक आहे, सर."

"चल मग," ते म्हणाले आणि हेलिकॉप्टर नाक खाली करून पुढे झेपावलं.

आम्ही उत्तरेकडे गेलो. देवनहळ्ळीच्या आसपास तेव्हा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहती, नव्हते. खाली द्राक्षांचे मांडव होते, लाल मातीच्या वाटा, मधेच चकचकणारं एखादं तळं. किल्ल्याची तटबंदी वरून बघितली तर कुणीतरी कणकेची वळी करून ठेवल्यासारखी दिसत होती. एका गच्चीवर एक बाई मिरच्या वाळत घालत होती. तिनं मान वर केली आणि कपाळावर हात धरून आमच्याकडे बघितलं. मी हात हलवला. तिला दिसायची शक्यता नव्हती. पण त्या क्षणी भीती कुठे गेली ते मला कळलं नाही.

परत वळताना कमांडर आपण होऊन बोलले. ते असं आपण होऊन बोलल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"अकरा वर्षं उडतोय मी," ते म्हणाले. "कुठल्याही फिटरनं मला आजवर सही नाकारली नव्हती. काल तू नाकारलीस तेव्हा राग आला. मग विचार केला, अकरा वर्षांत कुणाच्याच हाताला काही लागलं नसेल? की लागलं आणि ते बोलले नाहीत?"

"माहीत नाही, सर," म्हणालो.

"मलाही नाही. म्हणून तुला बरोबर घेतलं. सगळ्यांनी ते बघावं असं वाटलं."

उतरल्यावर त्यांनी सातशेवर लिहिलं, चाचणी समाधानकारक. खाली माझी सही झाली. वॉरंट साहेबांनी विचारलं, "कसं होतं?" मी म्हणालो, "देवनहळ्ळीपर्यंत गेलो होतो." ते म्हणाले, "द्राक्षं आणायची होती मग." त्यांनी केलेला हा एकच विनोद माझ्या लक्षात आहे.

त्यानंतर एक बदल झाला. कुणी जाहीर केला नाही, पण झाला. महिन्याभरात आणखी दोघांनी सही करायच्या आधी वॉरंट साहेबांना बोलावलं. एकाच्या वेळी खरंच एका नळीला केसाएवढी चीर सापडली. त्याला मात्र कुणी वैद्यजी म्हटलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं, हे कबूल करतो.

माझ्या त्या बेअरिंगचं काय? मला आजही माहीत नाही. वर्कशॉप म्हणालं चांगलं आहे. कदाचित चांगलंच होतं. कधी वाटतं, थंडीनं माझीच बोटं आखडली होती. वीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या हजारो सह्यांपैकी मला आठवते ती मात्र ही न केलेली.

निवृत्तीनंतर आम्ही बंगळूरलाच राहिलो. गेल्या वर्षी एका जुन्या सोबत्याकडून कळलं की कमांडर साहेब मुलीकडे इथंच आले आहेत. मी फोन केला आणि ते घरी जेवायला आले. केस पांढरे झालेले, गुडघ्यांनी त्रास दिलेला, पण बोलणं भरपूर वाढलेलं. माणूस म्हातारपणी इतका बोलका होऊ शकतो हे बघून मला मजा वाटली. जेवताना मी ती सगळी हकिकत सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तो पायलट मी होतो? नक्की?"

"तुम्हीच, सर."

"मला अजिबात आठवत नाही." त्यांनी खूप वेळ आठवायचा प्रयत्न केला. "मी चांगला वागलो म्हणायचं."

"हो, सर."

"बरं झालं कुणीतरी लक्षात ठेवलं," ते म्हणाले आणि माझ्या बायकोकडे बघून विचारलं, "ही पोळी कशाची आहे?"

"नारळाची होळिगे," ती म्हणाली. "आणखी एक वाढू?"

त्यांनी दोन घेतल्या. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, हे त्यांनी हात धुताना सांगितलं. ऑटो येईपर्यंत आम्ही खाली फाटकापाशी उभे राहिलो. ते मला ओळीनं त्यांच्या नातवंडांची शाळा, गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीच्या गच्चीवरची टोमॅटोची रोपं असं सगळं सांगत होते, आणि त्या नादात आम्ही दोन ऑटो हात न करताच जाऊ दिल्या. मलाही काही घाई नव्हती.