बाराचं दान

"कंपनीनं ते बनवायचं सोडलं सार, मी सोडलं नाही, एवढंच," असं पिराजी पहिल्याच रविवारी म्हणाले होते. ते वाक्य आम्हाला तेव्हाच जरा जास्त सफाईदार वाटलं.

'ते' म्हणजे टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम. काळा खोका, एक दांडी, एक लाल बटण. परदेशातल्या कंपनीनं तो बंद करून पाचेक वर्षं झाली होती. १९९७ साली बंगळूरच्या एस. पी. रोडवर तो भंगारात मिळायचा. विश्वेश्वर, निहार आणि मी त्याच्यासाठी नवे खेळ लिहीत असू. कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर इलेक्ट्रॉनिक सिटीत परक्या बँकांचे प्रोग्राम लिहायचे आणि रविवारी सकाळी जयनगरात विश्वेश्वरच्या भाड्याच्या घरी हा उद्योग. चार किलोबाइटच्या चिपमध्ये अख्खा खेळ बसवायचा, चिप कॅसेटच्या डबीत, कॅसेट खोक्यात.

पिराजी निहारला एका भंगारवाल्याकडे दांडीची स्प्रिंग शोधताना भेटले. वय पन्नासच्या पुढे. घर बळेपेटेत, तीनशे वर्षं याच शहरात मराठी बोलणारं. नोकरी वजनकाट्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. घरी कॉम्प्युटर नव्हता. ते प्रोग्राम वहीत लिहीत, पेन्सिलीनं, नुसत्या आकड्यांत, आणि कारखान्यातल्या यंत्रावर चिपमध्ये भरत. असं ते सांगत. वही मात्र कुणी पाहिली नव्हती. कॅसेट बिस्किटांच्या डब्यात आणत. चिपवरचा नंबर ब्लेडनं खरवडलेला. आमच्यातलं कुणी पाणी प्यायला उठलं तरी त्यांचा हात डब्यावर जायचा.

"दहावी शिकलेला माणूस," विश्वेश्वर ते गेल्यावर म्हणायचा, "आणि स्क्रीन एकदाही थरथरत नाही. माझी महिनाभर थरथरते. कुठून तरी ढापलंय, बॉस."

निहार हसायचा. मी गप्प बसायचो. गप्प बसणं म्हणजे काय हे मला माहीत होतं.

त्या वर्षी आम्ही चौघांचे चार खेळ एका कॅसेटमध्ये घालून परदेशातल्या हौशी मंडळींना पाठवणार होतो. ईमेलवरची ओळख. कॅसेटवर स्टिकर, स्टिकरवर चार नावं. पिराजी दर रविवारी एकच विचारायचे, "नाव कसं लिहिणार, सार?" मग स्वतःच एकेक अक्षर सांगायचे. एकदा चहा पिताना म्हणाले, कारखान्यातल्या काट्याचा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. कागदावर सही साहेबाची. सतरा वर्षं तेच नाव रोज समोर. आम्ही ऐकून घेतलं. अर्धं खरं मानलं.

शेवटच्या तपासणीच्या रविवारी विश्वेश्वरनं वरच्या मजल्यावरच्या घरमालकांना खाली बोलावलं. कारण पिराजींचा खेळ म्हणजे चौकाभारा, इथल्या घरोघरी खेळतात तो. पाच बाय पाच घरं, चार कवड्या. बटण दाबलं की कवड्या पडतात. चारही उताण्या पडल्या तर चौका, चार घरं. चारही उपड्या पडल्या तर भारा.

घरमालकांनी बटण दाबलं. चारही उपड्या. सोंगटी चालू लागली आणि थांबेचना.

"अय्यो!" घरमालक हसले. "भारा अंदरे एंटु! एंटु!"

भारा म्हणजे आठ. सोंगटी बारा घरं गेली होती.

"आता बोला," विश्वेश्वर म्हणाला. तो हसत नव्हता. या क्षणाची तो वाट पाहत होता. "स्वतः केलाय म्हणता आणि नियमच माहीत नाही? कुणाचा उचललात, पिराजीराव?"

पिराजी घरमालकांकडे पाहत राहिले. "बारा," ते म्हणाले. "बारा म्हणजे बाराच की सार. दहा आणि दोन."

"बारा नाही हो. भारा."

त्यांनी तो शब्द ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिला. चोराकडे पाहावं तसं आम्ही त्यांच्याकडे पाहत होतो. चोरासारखे आम्हीच दिसत असू.

दारात उभी असलेली विश्वेश्वरची बायको नयना म्हणाली, "अहो, ढापला असता तर आठच आले असते ना? भाराचे बारा मराठी घरातच होणार. पिराजीअण्णा, तुमच्याकडे सगळेच बारा मोजतात?"

"आजीपासून, अम्मा. कुणी चूक म्हटलं नाही. आम्ही घरातच खेळायचो."

मग विश्वेश्वर कॉम्प्युटरकडे वळला. "सरी, ठीक आहे. मानलं. तुमचाच. हे बघा, स्टिकरवर नाव टाकतोय." टाकलंही. मग म्हणाला, "फक्त तेवढे आठ करा. एकच आकडा आहे. चुकीचा खेळ बाहेर गेला तर लोक हसतील आपल्याला."

"अक्का बारा मोजते," पिराजी म्हणाले.

अक्का म्हणजे गोजराबाई, त्यांची थोरली बहीण. आईमागे तिनंच त्यांना वाढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली. कवड्या हातात धरता येईनात. डाव्या अंगठ्यानं एक बटण मात्र दाबता येतं. नव्या यंत्रांना बटणंच फार. "बोललेलं कळत नाही तिचं," पिराजी म्हणाले. "आकडे कळतात. उपडं दान पडलं की मोठ्यानं बारापर्यंत मोजते."

"मग घरी बारा ठेवा. इथे आठ. दोन चिपा करा, त्यात काय?"

"आठवाला खेळ मग माझा कसा, सार?"

विश्वेश्वरनं आमच्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होतो. मीही तसाच पाहत होतो. "एक आकडा बदलायला इतकं जड का जातंय?" तो म्हणाला. "कुठे बदलायचा ते माहीत नाही, असं तर नाही ना? वही द्या. मी करतो."

नयना म्हणाली, "अहो, पुरे."

पिराजींनी शर्टाच्या आतून वही काढली. कापडी पाठीची, घामानं ओली. एक पान उघडून टेबलावर ठेवलं. आकड्यांच्या रांगा, खोडलेल्या, पुन्हा लिहिलेल्या, समासात तारखा. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. तिथे १२ होतं, आणि भोवती पेन्सिलीचं वेडंवाकडं वर्तुळ. आयुष्यात कधी पेन्सिल न धरलेल्या डाव्या हातानं काढलेलं. आम्ही पाहून घेईपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.

मग वही मिटली. खोका चालू असतानाच कॅसेट उपसली. टीव्हीवर नुसते पट्टे थरथरू लागले. कॅसेट डब्यात गेली, झाकण लागलं. स्टिकरवरचं चौथं नाव कॉम्प्युटरवर तसंच होतं. त्यांनी ते पाहिलं. अक्षरं बरोबर होती.

"पिराजीराव, अहो, चहा तरी..." विश्वेश्वर उठला.

पिराजींनी चपला घातल्या, डबा काखेत धरला आणि ते बाहेर पडले.