रहांगडाले सरांच्या दोन चटया

सकाळी रहांगडाले सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. "सर गेले गं. चहा गार करायला ठेवला होता, वळून बघते तर..." मी नागपूरच्या माझ्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होते आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. दोन वर्षं तो माणूस एकेका श्वासासाठी झगडत होता. जिना सोडला, स्कूटर सोडली, शेवटी भांडणंही सोडली, आणि सरांनी भांडण सोडलं म्हणजे काय हे गोंदियातल्या निम्म्या चहावाल्यांना विचारा. त्यांना दवाखान्यात, नळ्यांच्या जंजाळात जायचं नव्हतं. स्वतःच्या पलंगावर, चहाची वाट पाहत गेले. मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं, पण आधी हायसं वाटलं, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाला ते आरोग्य संशोधनाची तोंडओळख शिकवायचे. विषयाचं नाव ऐकूनच झोप यावी असा तो पेपर. सर मात्र पहिल्याच तासाला फळ्याकडे पाठ करून विचारायचे, "कोणाचा आजीच्या औषधावर विश्वास आहे?" मग कोणीतरी सांगायचं की आजीने काढा दिला आणि ताप तिसऱ्या दिवशी उतरला. सर मान डोलवायचे. "फार छान. आणि ज्यांनी काढा नाही घेतला, त्यांचा ताप कधी उतरला?" हा एक प्रश्न त्यांनी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला. लग्नाच्या पंगतीत कोणी अंगठीच्या खड्याने संधिवात गेला म्हणालं, की काकू पानावरून डोळे वर करून त्यांना खुणावायच्या, आणि तरीही प्रश्न यायचाच. स्वतःच्या आईशी पोवारी बोलीत, भाजीवाल्याशी हिंदीत, आमच्याशी मराठीत, पण प्रश्न तोच. लोक त्यांना पाहून रस्ता बदलत, असं काकूच सांगायच्या. मला ते तेव्हा नुसते खडूस वाटायचे.

मी पहिल्या वर्षाला असताना गावाहून निरोप आला. चिचगडच्या बाजूचं आमचं गाव. आई तिथल्या शाळेत खिचडी शिजवायची. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर पोरांना उलट्या सुरू झाल्या, काहींना ट्रॅक्टरमध्ये घालून दवाखान्यात न्यावं लागलं. सगळी पोरं दोन दिवसांत उठून खेळू लागली, पण आईची चूल बंद झाली. आम्ही बौद्ध मोहल्ल्यातले. तिच्या हातचं आपल्या पोरांनी खावं हे गावात काहींच्या घशाखाली आधीपासूनच उतरत नव्हतं. आता त्यांना आयतं कारण मिळालं. बाई काढा, दुसरी ठेवा, अशी बोलणी सुरू झाली. बाबा गेल्यावर ते काम म्हणजे आमचं घर होतं, आणि कामापेक्षाही, 'इनं पोट्ट्याइले विष चारलं' हे बोलणं आई कशी घेऊन जगणार होती? विहिरीवर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या.

मी सरांकडे गेले. त्यांनी माझ्या दोन वर्गमित्रांना गावी धाडलं. ते संध्याकाळच्या बसने परतले ते विजयी चेहऱ्याने. आजारी पडलेल्या प्रत्येक पोराच्या घरी जाऊन आले होते. "सर, सगळ्यांनी खिचडी खाल्ली होती. एकूण एक पोराने." माझ्या पायाखालची जमीन सरकली. सरांनी बशीतला चहा संपवला. "आणि जे आजारी नाही पडले?"

"ते तर मजेत आहेत सर. त्यांना कायले विचारायचं?"

सर इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, शाळेत शिजते ती खिचडी सगळीच शाळा खाते. आजारी पोरांनी खिचडी खाल्ली, हे सांगायला गावी जायची गरज नव्हती. त्यांनी अंगावर शर्टही घातला होता, मग शर्टाने उलट्या झाल्या का? त्याच संध्याकाळी त्यांनी काकूंच्या माळ्यावरून प्लास्टिकच्या दोन चटया काढल्या, एक लाल, एक हिरवी. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं देवरीमार्गे गावाकडे निघालो. बसमध्ये सरांनी मला बजावलं, "तू कोणालाच काही विचारायचं नाही. पाणी दे सगळ्यांना, बस."

"सर, माझी आई आहे ती."

"म्हणूनच."

"आणि खिचडीतच दोष निघाला तर?"

"तर खिचडी लिहू," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी उठून मागच्या सीटवर जाऊन बसले. मदत मागायला गेले आणि हा माणूस माझ्याच आईला तराजूत घालून निघाला होता, असं मला वाटलं. भीतीही वाटत होती... खरंच डाळ खराब असेल तर?

शाळेच्या अंगणात चटया अंथरल्या. उलट्या झालेली पोरं लालवर, न झालेली हिरवीवर. भोवती आईबाप, शाळा समितीचे लोक, मास्तर. आई लांब, बंद चुलीपाशी उभी. सरांनी मास्तरांना चहा सांगायला म्हणून बाहेर धाडलं आणि दोन चटयांच्या मध्ये मांडी घातली. लाल चटईवरची पोरं खिचडीशिवाय कशाचंच नाव घेईनात. मग सर हिरवीकडे वळले. तिथली एक शेंबडी पोट्टी स्वतःहूनच बोलली, "आमीबी खिचडी खाल्ली. पन आमी थे बिया नाही खाल्ल्या."

"कोणत्या बिया?"

तिने शाळेमागच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. आदल्या वर्षी कोणत्याशा योजनेत तिथे चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, लावली होती. फोडली की बी शेंगदाण्यासारखी लागते, आणि खाल्ली की पोटात डोंब उसळतो. लाल चटईवरच्या माना खाली गेल्या. मास्तर मारतील म्हणून सगळी मूग गिळून बसली होती. सरांनी आवाज अजिबात चढवला नाही. हळूहळू एकाने कबूल केलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. हिरवीवरच्या एकाने चाखून थुंकल्याचं सांगितलं. गर्दीत एक बाई आपल्या पोराच्या पाठीत धपाटा घालून रडायलाच लागली.

तरी समितीतला एक जण म्हणालाच, "पन सर, खिचडीचं काही सांगता येत नाही." सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते आईकडे पाहत होते. "ताई, त्या दिवशीची खिचडी तुम्ही खाल्ली होती?"

इतके दिवस गाव आईबद्दल बोलत होतं, पण हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. "खाल्ली ना जी," आई म्हणाली. "पोट्ट्याइच्या पहिले मीच चाखतो. मंग उरलंसुरलं मागून खातो."

"मळमळलं?"

"नाही जी."

"मग तिकडे काऊन उभ्या? तुमची चटई ही."

आई आली. पोरं सरकली. ती पदर सावरून हिरव्या चटईच्या कोपऱ्यावर बसली, सगळ्या गावासमोर.

परतताना मी आभार मानायला लागले तर सरांनी हात झटकला. "मी तुझ्या आईला सोडवलं नाही. खिचडी वाईट असती तर तेही तिथेच सांगितलं असतं. म्हणून तर लोकांनी ऐकलं." कुंपण त्याच आठवड्यात उपटलं गेलं, आईची चूल पेटली आणि पुढे कितीतरी वर्षं पेटत राहिली. मी आज ज्या मुलांना शिकवते, त्यांना हा धडा पुस्तकातून सांगायचा प्रयत्न केला. जमत नाही. शेवटी गावची गोष्टच सांगते.

सर गेल्यावर चौथ्या दिवशी आईला घेऊन फुलचूरला सरांच्या घरी गेले. काकू मला बिलगून म्हणाल्या, "नागपूरला नेलं असतं तर राहिले असते का गं?" मग त्यांनीच डोळे पुसले आणि ओल्या चेहऱ्याने हसल्या. "ते असते तर म्हणाले असते, ज्यांना नेलं त्यांचं काय झालं ते आधी विचार." बाजूच्या बायकाही हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

भेटायला येणाऱ्यांसाठी ओसरीवर त्याच दोन चटया अंथरल्या होत्या. रंग विटलेले, कडा उसवलेल्या. लाल जवळजवळ रिकामी होती; चटयांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हिरवी माणसांनी भरलेली. आईचे गुडघे आता दुखतात, म्हणून सरांचा मुलगा आतून खुर्ची घेऊन आला.

"राहू दे बापा," आई म्हणाली. "माही चटई हेच होय."

लोक सरकले. आई पदर सावरून कोपऱ्यावर बसली.