तिसरी हाक

मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना बाकावर उभं करायचे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझी कीव करायला नको.

एकाहत्तर साल असावं. राजूरला नोकरी लागून मला दुसरंच वर्ष होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, राहात्याला पेरूची बाग सांभाळायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झालाय, वर्षभरात नजर जाईल. आबांनी गुपचूप ऐकून घेतलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "समुद्र बगायचा राह्यला."

साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि मुंबईचं नाव काढलं की गर्दीच्या धास्तीनं पाय मागं घ्यायचे. मग मी मोठ्या तोऱ्यात पत्र लिहिलं, की आमच्याकडच्या घाटघरच्या कड्यावरून, आभाळ मोकळं असलं तर, समुद्र दिसतो. मी स्वतः तो कडा पाहिलाही नव्हता. शाळेच्या शिपायानं सांगितलेलं मी आपलं ठोकून दिलं.

आबा भाद्रपदात आले. गौरी-गणपती होऊन गेले होते, तरी पाऊस हटत नव्हता. मी म्हणाले, "आबा, चार दिवस थांबू. उघडीप होऊ द्या."

"मी थांबीन. डोळे थांबत्यात व्हय?"

दुसऱ्याच दिवशी निघालो. सकाळच्या एस.टी.नं शेंडी गावाला उतरलो, पुढं रेशनचं धान्य नेणाऱ्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसलो, आणि शेवटची वाट चिखलातून पायी. घाटघरातली एक म्हातारी डोक्यावर इरलं घेऊन वाट दाखवायला आली. पठारावर धुकं एवढं दाट झालं, की तिचं इरलं तेवढं पुढं हलताना दिसायचं. एका ठिकाणी ती थांबली.

"बाई, हितनं फुडं कुनी हाक मारली तर लगीच ओ द्यायची न्हाई. दुसरीला बी न्हाई. कड्यावरनं गेलेली मानसं हाका मारत्यात. पन त्यास्नी दोनदाच मारता येती. तिसरी आली तर ती जित्या मानसाची."

आबा खो खो हसले. "मास्तरीनबाई, नीट ध्यान द्या. परीक्षेत यील."

मीही हसले. पण कडा येईपर्यंत आबांचा हात सोडला नाही.

कड्याच्या अलीकडे एका दगडावर आबांना बसवलं. खालून वारा असा उसळत होता, की पाऊस वरून पडायच्या ऐवजी खालून वर येत होता. आबांनी टोपी काढून खिशात कोंबली. "समुद्र कुठल्या अंगाला?"

"समोर, आबा." समोर सगळं पांढरं होतं.

ते तरीही बघत राहिले. ओले डोळे बाहीला पुसायचे आणि परत बघायचे. मला माझ्या पत्राची लाज वाटली. म्हातारी म्हणाली, कड्याच्या पलीकडच्या सोंडेवर धुकं आधी फाटतं. मी आबांना म्हणाले, "इथून हलू नका, मी बघून येते." म्हातारी आणि मी पन्नास पावलं गेलो असू.

"पोरी!"

हाक डावीकडून आली. आबा तर उजवीकडे बसले होते. धुक्यात आवाजाची दिशा फसवते, हे मला माहीत होतं. पण म्हातारीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. मी तोंड मिटून उभी राहिले.

"पोरी, अगं ये पोरी!"

या वेळी आवाज आबांचाच होता. अगदी त्यांचा. म्हणूनच मी जास्त भ्याले. मी तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले. वारा ऐकू येत होता, दुसरं काही नाही. तिसरी हाक आलीच नाही.

कधी हात सोडवून पळाले ते आठवत नाही. दगडावर आबा नव्हते. ते कड्याच्या तोंडाशी हातापायांवर रांगत होते, एक हात पुढं करून गवत चाचपत. पुढचा हात जिथं टेकणार होता, तिथं गवत संपलं होतं. मी त्यांच्या सदऱ्याला धरून मागं ओढलं. दोघं चिखलात पडलो.

"तू पडलीस वाटलं मला," ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "दोनदा हाक मारली. तू न्हाईसच, मग तिसरी कुनाला मारू?"

हाका ऐकल्याचं मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. उतरताना त्यांनी माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते एस.टी.त बसेपर्यंत सोडलं नाही. समुद्राचं नाव दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांची नजर गेली. ते माझ्याकडे राहायला आले आणि अकरा वर्षं राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. पाणी हवं असलं की उशाशी ठेवलेल्या ताटलीवर चमचा वाजवायचे. मी हातातलं टाकून धावायचे. तरी दर वेळी वाटायचं, उशीर झाला.

शेवटच्या आजारात एका दुपारी मी त्यांच्या शेजारीच तांदूळ निवडत बसले होते. ते एकदम म्हणाले, "पोरी!"

इतक्या वर्षांनी ती हाक ऐकून माझे हात तांदळातच थांबले.

"पोरी, अगं ये पोरी!"

मी ताट सरकवून त्यांचा हात धरला. "ओ, आबा. ओ."

त्यांनी माझं मनगट चाचपलं, मग खांदा, मग तोंडावरून हात फिरवला.

"कड्यापासनं लांब हायेस ना?"

"लांब आहे," मी म्हणाले.